मध, काकवी, गोल्डन सिरप मोजायला घेतलेला डिजिटल वजनकाटा: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, नुसतं पीठ-साखर मोजायची असेल तर कुठलाही काटा चालतो, त्यासाठी एवढं लांबलचक वाचायची गरज नाही. मी हा ५ किलोवाला डिजिटल किचन काटा घेतला तो खास चिकट गोड वस्तूंसाठी, म्हणजे मध, काकवी, गोल्डन सिरप, लिक्विड ग्लुकोज, कंडेन्स्ड मिल्क असलं सगळं जे कपात मोजलं की अर्धं कपालाच चिकटून बसतं. मी घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते, नाचणी-काकवीची बिस्किटं आणि मधाचा केक हे माझे जास्त जाणारे पदार्थ, आणि रेसिपी येतात सगळीकडून, कुठे कप, कुठे टेबलस्पून, कुठे एमएल, कुठे औंस. हे सगळं एका भाषेत आणायचं तर ती भाषा ग्रॅमचीच, आणि त्यासाठी काटा कसा आहे हे बघणं वेगळं असतं.

काटा घेतला पुण्यात बोहरी आळीतून, हजाराच्या आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण याच साच्याचे काटे वेगवेगळ्या नावांनी मिळतात, वरती स्टीलची पट्टी, खाली दोन-तीन बटणं, छोटा डिस्प्ले, आत दोन पेन्सिल सेल. १ ग्रॅमच्या फरकाने दाखवतो. युनिट बदलायचं बटण आहे, त्यात ग्रॅम, औंस, पाउंड-औंस, एमएल आणि दुधाचं एमएल असं सगळं फिरत राहतं.

आता पहिल्यांदा तेच बोलते ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला, ते एमएलचं बटण. दुकानदार हेच बटण दाखवून काटा विकतात, "ताई, लिक्विड पण मोजता येतं यात". येतं, पण फक्त पाणी. काट्याला आत काय ओतलंय ते कळत नाही हो, त्याला फक्त वजन कळतं, एमएलवर टाकलं की तो तेच ग्रॅम एमएल म्हणून दाखवतो कारण पाण्याचं १ एमएल म्हणजे १ ग्रॅम. दुधाच्या सेटिंगला तो १.०३ च्या आसपास धरतो, तेही बरोबर आहे, दूध पाण्यापेक्षा जरासंच जड. पण मध? मधाचं १ एमएल म्हणजे जवळजवळ १.४२ ग्रॅम. म्हणजे रेसिपीत ८० एमएल मध लिहिलंय, तुम्ही एमएलवर काटा लावून ८० येईपर्यंत ओतलं, तर भांड्यात पडलं ८० ग्रॅम, म्हणजे खरं तर ५६ एमएल. सरळ ३० टक्के मध कमी! केक फिका येणार, कोरडा होणार, आणि आपण दोष देणार ओव्हनला. उलटंही होतं, रेसिपीत ८० ग्रॅम आहे आणि कोणी मेझरिंग कपाने ८० एमएल मोजलं तर ११४ ग्रॅम मध पडतं, बिस्किटं ट्रेवर पसरतात, कडा लवकर काळ्या होतात कारण मधातली साखर पटकन लाल होते, आणि डब्यात ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी चिकट लागतात कारण मध हवेतलं पाणी ओढून घेतो. हा एवढा मोठा फरक फक्त एका बटणामुळे, आणि बॉक्सवर, माहितीपत्रकात कुठेही "हे पाण्यासाठी आहे" अशी एक ओळसुद्धा नाही. याचा मला खरंच राग आहे, कारण नवीन शिकणाऱ्या मुली हेच बटण दाबतात.

म्हणून हा काटा घ्या, पण तो ग्रॅमवरच ठेवा आणि युनिटचं बटण विसरून जा. कधी पुसताना चुकून दाबलं जातं आणि काटा पाउंड-औंसवर जातो, तेव्हा आकडा विचित्र दिसला की आधी कोपऱ्यातलं युनिट बघायचं.

आता ग्रॅम कसे काढायचे ते. माझ्या फ्रिजवर चिकटवलेले आकडे देते, १५ एमएलच्या टेबलस्पूनला मध २१ ग्रॅम, गोल्डन सिरप २१, लिक्विड ग्लुकोज पण २१ च्या आसपास, काकवी २०, मेपल सिरप २०, कंडेन्स्ड मिल्क १९-२०. टीस्पून ५ एमएलचा, म्हणून मध ७ ग्रॅम आणि बाकीचे साडेसहा-सात. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या रेसिपी सुटतात. मोठं माप असेल तर एमएलला गुणायचं, मध आणि गोल्डन सिरप १.४२ ने, काकवी १.३५ ने, मेपल १.३२ ने, बस.

पण यात एक गोम आहे ती म्हणजे कप. अमेरिकेचा कप जवळजवळ २३७ एमएल, त्यांच्या पाकिटांवर २४० धरतात, ऑस्ट्रेलियाचा २५०, जुन्या इंग्लिश रेसिपीतला २८४, जपानचा २००. आपल्याकडे दुकानात जे रंगीत प्लास्टिकचे सेट मिळतात त्यात काही २४० चे असतात काही २५० चे. २४० आणि २५० मध्ये मधाचा फरक १४ ग्रॅम, तो एका कपाला चालून जातो. पण खरी गडबड टेबलस्पूनची आहे. सगळीकडे टेबलस्पून १५ एमएल, ऑस्ट्रेलियात मात्र २०! तिकडची ॲन्झॅक बिस्किटं करायला घेतलीत, ओट्स, खोबरं, बटर आणि गोल्डन सिरपवाली, रेसिपीत २ टेबलस्पून गोल्डन सिरप असेल तर तिकडच्या चमच्याने ते ५७ ग्रॅम होतं आणि आपल्या चमच्याने ४३. त्या बिस्किटात अंडं नसतं, सगळं एकत्र धरून ठेवायचं काम सिरप आणि बटरच करतं, १४ ग्रॅम कमी पडलं की मिश्रण भुरभुरतं, लाडू वळताना तूप कमी पडल्यासारखं. त्यामुळे रेसिपी कुठल्या देशातली आहे हे आधी बघायचं, मग गुणायचं.

अमेरिकेतल्या रेसिपींचं अजून एक. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिच्याकडून येणाऱ्या रेसिपीत औंस असतात आणि औंस दोन प्रकारचे, एक वजनाचा आणि एक द्रवाचा. १ कप म्हणजे ८ द्रव औंस, हे पाण्याला वजनातही जवळजवळ ८ औंसच, पण एक कप मध वजनाला १२ औंस भरतं, म्हणजे ३४० ग्रॅम. तिकडे ती अस्वलाच्या आकाराची मधाची बाटली मिळते ना, त्यातली जी १२ औंसवाली असते ती म्हणजे बरोबर एक कप. हे कळल्यावर तिच्या रेसिपी मला एकदम सोप्या झाल्या, "एक बाटली मध" लिहिलं की मी ३४० ग्रॅम घेते. आणि परदेशातून आलेल्या बाटलीच्या मागे जो पोषणाचा तक्ता असतो त्यात बऱ्याचदा "१ टेबलस्पून, २१ ग्रॅम" असं लिहिलेलंच असतं, म्हणजे उत्तर बाटलीवरच आहे, गुगल करायची पण गरज नाही. मेपलच्या बाटलीवर पण बघा, तिथे बऱ्याचदा एमएल आणि ग्रॅम दोन्ही सापडतात.

काकवीचं मात्र असं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काम काकवीशीच पडतं. कोल्हापूर, सांगली, कराडकडची काकवी, हंगामात गुऱ्हाळावरून थेट आणलेली, ही प्रत्येक घाण्याची वेगळी असते. काहिलीतला रस साधारण १०५ अंशाच्या आसपास असताना काढला की काकवी, तोच पुढे ११८ च्या आसपास गेला की गूळ, त्यामुळे गुळव्याने जरा आधी काढली तर पातळ, जरा उशिरा काढली तर दाट. पातळीत पाणी जास्त, दाटीत कमी, आणि त्याप्रमाणे वजन बदलतं, मी १.३२ पासून १.३८ पर्यंत बघितलंय. मग इंटरनेटवरचा आकडा काय कामाचा? इथे हा काटा खरा उपयोगी पडला.

घरच्या घरी काढायची पद्धत सांगते, कुठलंही माप लागत नाही. एक छोटी वाटी घ्या, सरळ काठाची असेल तर बरं, काट्यावर ठेवा, शून्य करा. काठोकाठ पाणी भरा, वजन लिहून घ्या. पाणी ओता, वाटी अगदी कोरडी पुसा, परत शून्य करा, आता तेवढीच काठोकाठ काकवी भरा, बुडबुडे बसू द्या, सुरीच्या पाठीने वरून सपाट करा, वजन लिहा. काकवीचं वजन भागिले पाण्याचं वजन. समजा पाणी १६० ग्रॅम भरलं आणि काकवी २१६, तर १.३५. झालं, हा तुमच्या या बरणीतल्या काकवीचा आकडा. मी तो बरणीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवते, बरणी संपेपर्यंत परत मोजायचं नाही. वाटी किती एमएलची आहे हे माहीत असायची सुद्धा गरज नाही, हेच मला यातलं सगळ्यात आवडतं.

मधाला एवढं करायची गरज सहसा पडत नाही. मधात १७ टक्के पाणी असेल तर १.४२ आणि २० टक्के असेल तर १.४०, एवढाच फरक. आपल्याकडचा महाबळेश्वर भागातला सातेरी माशीचा मध, जांभळाचा वगैरे, हा कंपनीच्या मधापेक्षा जरा पातळ असतो, त्यात पाणी जास्त असतं, तरी केकच्या दृष्टीने दोघांना १.४ धरलं तरी काही बिघडत नाही. खूप जणींना वाटतं की थंडीत मध घट्ट होतो म्हणजे जड होतो, तसं नाही, घट्टपणा खूप बदलतो पण वजन जवळपास तेच राहतं. थंडीत चमच्यावर मधाचा डोंगर उभा राहतो आणि उन्हाळ्यात सपाट होतो, म्हणून एकाच चमच्याने जानेवारीत आणि मे महिन्यात वेगवेगळं माप पडतं, २१ ग्रॅम मात्र बारा महिने २१ ग्रॅमच. चमच्याने मोजण्यात अजून एक नुकसान म्हणजे चमच्याला दोन-तीन ग्रॅम सहज चिकटून राहतात, तुम्ही टेबलस्पून भरून घेतला तरी भांड्यात पडतात अठराच. चमच्याला तेलाचं बोट लावलं की मध सुटतो, लिक्विड ग्लुकोजला तेलापेक्षा पाण्याने ओला केलेला हात बरा, ते इतकं चिवट असतं की चमच्यात शिरतच नाही, ओल्या बोटांनी गोळा तोडून थेट काट्यावर ठेवायचा. ग्लुकोज तर मी म्हणेन कपाने मोजायचा प्रयत्नच करू नका.

आता ही सगळ्यात कामाची युक्ती, आणि काटा घ्यायचा तर यासाठी घ्या. मधाची बाटली किंवा काकवीची बरणीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, मग बरणी उचलून त्यातून भांड्यात ओतायचं, परत काट्यावर ठेवायची, डिस्प्लेवर उणे आकडा येतो. उणे ११४ आलं म्हणजे भांड्यात ११४ ग्रॅम गेलं. ना कप धुवायचा, ना चमचा, ना काही वाया जातं, आणि जे प्रत्यक्ष भांड्यात गेलंय तेच मोजलं जातं, कपाला चिकटलेलं त्यात येत नाही. गॅसवर बटर वितळतंय आणि त्यात सिरप घालायचंय तेव्हा तर हीच पद्धत, गरम पातेलं काट्यावर ठेवायचंच नाही. सगळे काटे उणे दाखवतात असं नाही, काही नुसत्या रेघा दाखवतात, म्हणून दुकानात घेतानाच करून बघा, एखादी वस्तू ठेवा, शून्य करा, उचला. माझा दाखवतो, नीट दाखवतो.

पण तक्रारी आहेत, आणि चिकट वस्तूंच्या बाबतीतच आहेत. पहिली, मध अगदी बारीक धारेने ओतला तर सुरुवातीला काटा हलतच नाही. भांड्यात मध पडताना दिसतोय आणि वर आकडा शून्यच. हे या स्वस्त काट्यांमध्ये असतं, शून्याच्या आसपास जरा हलकं काही बदललं की काटा त्याला शून्यच समजून धरून ठेवतो म्हणजे आकडा उगाच नाचत नाही, पण मधाची बारीक धार त्याला तशीच वाटते आणि सुरुवातीचे काही ग्रॅम तो गिळून टाकतो. उपाय एकच, पहिला लोंढा जरा जोरात पाडायचा आणि मग शेवटी धार बारीक करायची, किंवा वरची उण्याची पद्धत वापरायची. केकला दोन-चार ग्रॅमने काही होत नाही पण छोट्या प्रमाणाला होतं.

दुसरी, हा दोन मिनिटांत बंद पडतो. मध बरणीतून उतरायला वेळ घेतो, थंडीत तर विचारूच नका, तेवढ्यात डिस्प्ले गेला की तुमचं शून्य पण गेलं, आता भांड्यात पीठ किती सिरप किती काही कळत नाही. मी माझ्या रोजच्या भांड्यांच्या बुडाला त्यांचं रिकामं वजन मार्करने लिहिलंय, त्यामुळे बंद पडला तरी हिशोब लावता येतो. मध थंडीत कोमट पाण्यात बाटली ठेवून आधीच सैल करून घ्यायचा, म्हणजे वेळच लागत नाही. पण कंपनीने हे बंद व्हायचं पाच मिनिटांवर नेलं असतं तर काय बिघडलं असतं, सेल काही एवढे महाग नाहीत.

तिसरी, बटणांच्या भोवती फट आहे. काकवीचा एक थेंब त्यात गेला की बटण चिकटतं आणि मुंग्या येतात ते वेगळंच. मी आता काटा पातळ पारदर्शक पिशवीत घालून वापरते, वरून पिशवी बदलली की झालं, वजनात काही फरक पडत नाही कारण शून्य नंतर करतो आपण. काचेच्या सपाट टच बटणांचे काटे यात चांगले, पुसायला सोपे, पण ओल्या बोटाने ते ऐकत नाहीत, आणि बेकिंग करताना कोणाचं बोट कोरडं असतं? मी स्टील आणि रबरी बटणच घेईन परत.

चौथी तक्रार छोट्या मापांची. १ ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा काटा ७ ग्रॅम मधाला, म्हणजे एका टीस्पूनला, एक ग्रॅम इकडे-तिकडे दाखवू शकतो, आणि ७ त १ म्हणजे खूप झालं. ब्रेडमध्ये यीस्टबरोबर टीस्पूनभर मध घालायचा असतो तिथे मी सरळ चमचाच वापरते, किंवा ज्यांना फारच काटेकोर हवंय त्यांनी ०.१ ग्रॅमवाला छोटा खिशातला काटा वेगळा घ्यावा, तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो पंख्याखाली मात्र ठेवायचा नाही, वाऱ्याने आकडा हलतो. मोठ्या काट्याला पंख्याचा त्रास नाही.

अचूक आहे का, तर हो. तपासायचं असेल तर २०११ च्या मालिकेतली सोनेरी ५ रुपयांची नाणी घ्या, एक नाणं ६ ग्रॅमचं असतं, दहा ठेवली की ६० यायला हवेत. २०१९ नंतरचं मोठं नाणं वजनाला वेगळं आहे, ते मिसळू नका. माझ्या काट्यावर बरोबर ६० आले आणि चारही कोपऱ्यांना ठेवून बघितलं तरी तेच. ओटा सपाट हवा एवढंच. हां, याच्या बॉक्सवर व्यापारी वापरासाठी नाही असं लिहिलंय, त्यामुळे ज्या माझ्यासारख्या वस्तू विकतात त्यांनी हा रेसिपी मोजायलाच वापरायचा, गिऱ्हाइकाला वजन करून विकायला शिक्का मारलेला काटा लागतो, तो वेगळा.

काटा आल्यापासून माझ्यासाठी बदललं ते साखरेच्या जागी मध घालायचं गणित. सगळीकडे सांगतात एक कप साखरेऐवजी पाऊण कप मध घाला आणि बाकीचं दूध-पाणी पाव कपाने कमी करा. का ते कपात कळत नाही, ग्रॅममध्ये लगेच कळतं. एक कप साखर २०० ग्रॅम. पाऊण कप मध २५५ ग्रॅम, त्यात १७ टक्के पाणी म्हणजे ४३ ग्रॅम पाणी आणि २१२ ग्रॅम साखर. म्हणजे गोडी जवळपास तेवढीच आणि वर जास्तीचं पाणी, तेच कमी करायचं. आणि जर कोणी कपाला कप घातला तर ३४० ग्रॅम मध, त्यात २८२ ग्रॅम साखर, केक गोडमिट्ट आणि मधोमध कच्चा. मधाला चिमूटभर सोडा आणि ओव्हन नेहमीपेक्षा पंधरा अंश कमी ठेवायचा, मध आंबटसर असतो आणि लवकर लाल होतो म्हणून.

गुळाऐवजी काकवी घालताना मी असंच करते. १०० ग्रॅम गुळाला साधारण १४० ग्रॅम काकवी आणि रेसिपीतलं पाणी किंवा दूध ४० ग्रॅमने कमी. काकवी फार पातळ असेल तर १५० पर्यंत जायचं. नाचणीच्या बिस्किटांना हे प्रमाण बरोबर बसतं, पीठ ना सैल ना कोरडं, आणि एका घाण्याची बिस्किटं दुसऱ्या घाण्यासारखीच येतात, गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. घरी घावन-आंबोळीवर ओतायला मात्र काटा काढायचा नाही, तिथे हात सैल सोडायचा.

खरेदीतही याचा फायदा होतो, हे अजून कोणी फारसं बोलत नाही. काकवीची एक बाटली ५०० ग्रॅमची असते आणि शेजारची ५०० एमएलची, दोन्ही दिसायला सारख्याच. पण ५०० एमएल काकवी म्हणजे पावणेसातशे ग्रॅम. समजा ग्रॅमवाली १५० रुपयांना आहे आणि एमएलवाली १८० ला, तर महाग दिसणारी १८० वालीच खरी स्वस्त पडते. गावाकडे रस्त्याच्या कडेला काकवी किंवा मध जुन्या बाटल्यांतून विकतात तेव्हा लिटरचा भाव आहे की किलोचा हे आधी विचारायचं, एक लिटरच्या बाटलीत मध १ किलो ४०० ग्रॅम बसतो, आणि ७५० एमएलच्या बाटलीतच किलोभर मध येतो. म्हणजे पाऊण लिटरची बाटली दाखवून कोणी किलो म्हणाला तर तो फसवत नाहीये, बाटली गळ्यापर्यंत भरलेली असली म्हणजे झालं. आणि लिटरची बाटली किलोच्या भावात देत असेल तर लगेच घ्या.

पाचपैकी चार देते. एक कापला तो त्या एमएलच्या बटणासाठी आणि दोन मिनिटांच्या बंद पडण्यासाठी. कंपनीवाल्यांना माझं मनापासून सांगणं आहे, एकतर ते बटण काढा, नाहीतर त्याच्याखाली "पाणी" असं छापा, आणि बॉक्समध्ये मध, काकवी, सिरपचे आकडे असलेला एक छोटा कागद टाका, दहा ओळींचा, मराठीत आणि हिंदीत, त्याला खर्च काहीच नाही. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच चार गोष्टी बघा, उणे आकडा दाखवतो का, किती वेळात बंद पडतो, बटणांना फट किती आहे, आणि सेल साधे पेन्सिल सेल आहेत का, कारण ते नाण्यासारखे बटण सेल ऐन ऑर्डरीच्या रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.